रेझिस्टरवरचं बोट

माझा धाकटा दीर हसायला लागला की मला त्याला हाताला लागेल ते फेकून मारावंसं वाटतं. त्या दिवशी तर तो सकाळपासून हसत होता.

कंपनी सासऱ्यांची. नवरा या धंद्यात नाही, तो सुटला. रोग्याला किरणोत्सारी औषध टोचून पोटातलं चित्र काढणारी यंत्रं असतात ना, त्यांच्या किरणं टिपणाऱ्या डिटेक्टरला जोडायचे अ‍ॅम्प्लिफायर आम्ही बनवतो. डिटेक्टरचा सिग्नल इतका अशक्त, की अ‍ॅम्प्लिफायरची स्वतःची खरखर जरा वाढली तरी चित्र धूसर येतं. मग डॉक्टर काय करणार? औषध वाढवणार. आणि आमच्या गिऱ्हाईक डॉक्टरीणबाईंचे रोगी म्हणजे सगळी लहान मुलं.

टेबलावर अ‍ॅम्प्लिफायरचे दोन बोर्ड होते, एक दिराचा, एक माझा. बाई त्यातला एक निवडणार होत्या. माझ्या बोर्डाची खरखर त्याच्या निम्मी होती आणि त्यामुळे गेले कित्येक दिवस त्याच्या पोटात दुखत होतं.

माझ्या बोर्डाच्या पत्र्याच्या डबीचं झाकण काढून मी बाईंना आतली मांडणी दाखवत होते. तेवढ्यात हे महाशय पुढे सरसावले.

“वहिनी, काय नाजूक काम केलंय हो तुम्ही!” म्हणत त्याने उघडं बोट थेट सिग्नल आत येतो तिथल्या पहिल्याच रेझिस्टरवर टेकवलं. टेकवलं कसलं, चांगलं घासलं.

बोटाचं तेल त्या जागी विषासारखं. डोळ्यांना दिसत नाही, पण त्यातून करंट झिरपतो आणि खरखर वाढते. हातमोजे घातल्याशिवाय तिथे कुणी हात नेत नाही. मी नवखी असताना हे मला शिकवलं कुणी? यानेच.

मी झाकण लावलं. खरखर दाखवणाऱ्या पडद्यावरची माझ्या बोर्डाची बारीक रेघ सुजल्यासारखी जाड झाली होती.

“हे असं का?” बाईंनी विचारलं.

“तासभर द्या मला. धुऊन, वाळवून परत दाखवते.”

“म्हणजे दवाखान्यातही पेशंटला टेबलावर झोपवून तासभर थांबायचं का?” दीर म्हणाला. बाई हसल्या.

मी सासऱ्यांकडे पाहिलं. उभा जन्म सोल्डरिंगमध्ये घालवलेला माणूस. बोट टेकलं तेव्हा त्यांनी दचकून श्वास घेतलेला मी शेजारून ऐकला होता. पण ते मूग गिळून उभे राहिले. बाईंनी दिराचा बोर्ड पसंत केला आणि निघून गेल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोर्ड स्पिरिटने धुतला, भट्टीत वाळवला, पुन्हा जोडला. रेघ पहिल्यासारखी बारीक. सासऱ्यांना हाताला धरून पडद्यासमोर उभं केलं.

“बाबा, तुम्ही पाहिलंत ना?”

“पाहिलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“परक्या बाईसमोर पोटच्या पोराची अब्रू घालवू? तुझा बोर्ड पुढच्या ऑर्डरला देऊ, सूनबाई. घरातलं घरात राहू दे.”

“आणि तोवर त्या लेकरांना जास्त टोचायचं?”

“थोडंसंच जास्त,” दीर म्हणाला. “नियमात बसतं, वहिनी.”

नियमात! मी तिथल्या तिथे बाईंना स्पीकरवर फोन लावला. बोर्ड ठीक झालाय, येऊन बघा, असं सांगितलं.

“पण मग मघाशी काय बिघडलं होतं?” त्यांनी विचारलं.

दिराचं हसू मावळलं. “ओल राहिली होती म्हणा,” तो कुजबुजला. सासऱ्यांनी चक्क माझ्यापुढे हात जोडले. मला वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? या माणसाने मला लेकीसारखं वागवलं होतं. पण चीड त्याहून मोठी होती.

“माझ्या दिराने मुद्दाम बोट लावलं,” मी म्हटलं. “सासऱ्यांनी ते पाहिलंय. त्यांनाच विचारा.”

आणि फोन सासऱ्यांच्या हातात दिला.