हार घातलेला सर्व्हर

गोव्यात तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कृष्णनाथबाबांचं छोटंसं ऑफिस; मालकांना सगळे मानाने 'बाब' म्हणायचे. सुर्ल्याकडे खनिजाचे ट्रक ज्या काट्यांवर तोलतात, त्या काट्यांचं सॉफ्टवेअर तिथे बनतं. बनवणारी माणसं तीन आणि त्याच्या प्रती तेरा. 'फायनल', 'फायनल दोन', 'खरंच फायनल', आणि बाबांच्या स्वतःच्या पेनड्राइव्हवर 'याला हात लावू नये'.

बाळंतपणाची रजा संपवून त्या तिघांतली सिद्धी परत आली तेव्हा हा पसारा जसाच्या तसा होता. मयेहून तुयेला यायचं तर बस बदलत जवळजवळ दीड तास. सकाळी ती निघायची तेव्हा आठ महिन्यांचा रुद्रेश झोपलेला, आणि परतायची तेव्हा पेंगत असलेला. त्याचं जागेपण सगळं दुसऱ्यांनी बघायचं, तिने फक्त ऐकायचं. शेवटी तिने धीर करून बाबांना विचारलंच, आठवड्यातले तीन दिवस घरून काम केलं तर?

"आणि कोड कुठे ठेवणार?" बाब म्हणाले. "माझ्या पेनड्राइव्हवर?"

"ऑफिसातच सर्व्हर लावते ना. सगळ्यांचा कोड एका जागी राहील. कोणी काय बदललं, कधी बदललं, सगळं दिसेल. मी मयेहून तिथेच पाठवीन."

"नवी मशीन लागणार?"

"कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर पुरे. त्याच्या पोटात लिनक्सचा दुसरा कॉम्प्युटर बसवते, नुसता सॉफ्टवेअरचा. बिघडला तर कालचा होता तसा परत आणता येतो."

पोटातला कॉम्प्युटर काही बाबांच्या गळी उतरला नाही, पण पोरगी खोटं बोलणारी नव्हे हे त्यांना ठाऊक होतं. "बरं. खंडेनवमीला पूजेसाठी मी ऑफिसात आहे. अकरा वाजता तू घरून एक बदल पाठव. माझ्या फोनवर दिसला तर तीन दिवस घरी. नाही दिसला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

सिद्धीने मग आठवडाभर जेवणाच्या सुट्ट्या त्या कोपऱ्यात घालवल्या. एका हातात पोळीची गुंडाळी, दुसरा कीबोर्डवर. आधी तिने लिनक्सला मेमरी इतकी कमी दिली की सर्व्हर दोन पावलं चालून आडवा व्हायचा. ती वाढवली. त्याला कायमचा पत्ता दिला, तिघांच्या तीन किल्ल्या बनवल्या, घरून आत यायची वाट बांधली आणि बाकीची सगळी दारं लावून घेतली.

खंडेनवमीला अकराच्या ठोक्याला ती मयेच्या घरी जनेलाच्या गजांशी बसली. मांडीवर रुद्रेश. ट्रकच्या पावतीवर गाडी नंबरातला शेवटचा आकडा कापला जायचा, तेवढं तिने दुरुस्त केलं होतं. पाठवलं.

उत्तर नाही.

पुन्हा पाठवलं. नाहीच. पत्ता बघितला, किल्ली बघितली, घरचं नेट बघितलं. रुद्रेशला वाटलं खेळ चाललाय, त्यानेही दोन्ही हातांनी कीबोर्ड बडवला. शेवटी तिने ऑफिस उघडण्यापासून चहापर्यंत सगळं सांभाळणाऱ्या दत्तारामकाकांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"काका, कोपऱ्यातला कॉम्प्युटर चालू आहे ना?"

"चालू? आज खंडेनवमी गो बाय! सगळी मशीनं बंद करून, पुसून पूजेला लावली. तुझ्या त्याला तर सगळ्यांत मोठा हार घातलाय. नवाच कामाला लागला ना तो!"

"बंद कसा केलात?"

"मागचा स्विच. खट्ट."

सिद्धीने डोळे मिटले. "सुरू करा ना, काका."

फोन बाबांनी घेतला. "सिद्धी, पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलत नाहीत. माझ्या बापाने या दिवशी कधी करवतीला हात लावला नाही. आणि आता अकरा वाजून वीस झाले."

स्वयंपाकघरातून सासूबाई, सुलोचना, ओले हात पदराला पुसत आल्या. सुनेच्या हातातून त्यांनी फोन काढूनच घेतला.

"कृष्णनाथबाब, मी सिद्धीची सासू. कोयता, करवत आज ठेवायची, बरोबर. पण घटाकडचा दिवा तुम्ही विझवलात?"

"छे हो! नऊ दिवस तेवत ठेवायचा असतो तो."

"मग? हिचा तो डबा कोण हातात धरतं? तो एका जागी बसून राखण करतो. दिव्याच्या जातीचा आहे तो. आणि तुम्ही त्याला ऐन नवमीला फुंकर मारलीत!"

मग लांबून दत्तारामकाकांचा आवाज, "बाब, हार न हलवता बटण दाबता येईल मला."

"दाब तर," बाब म्हणाले.

आता खरी धाकधूक सिद्धीला. बाहेरचा कॉम्प्युटर उठेल, पण पोटातला? तो आपोआप सुरू व्हावा ही खूण करायला ती बुधवारी बसली होती, तेवढ्यात घरून रुद्रेशला ताप असल्याचा फोन आला आणि ती तशीच उठली होती. खूण केली की राहिली, काही केल्या आठवेना. राहिली असेल तर तिथे त्याला उठवणारं कोणी नव्हतं.

एक मिनिट. पाठवलं. नाही. दोन मिनिटं. नाही. तिसऱ्या मिनिटाला पडद्यावर एक ओळ सरकली, तिच्यामागून दुसरी, आणि बदल गेला.

"आला!" बाब ओरडले. "गाडीचा आकडा पुरा दिसतो. आणि खाली तुझं नाव, वेळसुद्धा!" घसा खाकरून ते म्हणाले, "सोमवार, मंगळवार, बुधवार घरी. आणि दत्ताराम, त्याच्यावर कागद लाव. पूजेलासुद्धा बंद करू नये म्हणून."

सिद्धीने रुद्रेशचे एवढे मुके घेतले की तो वैतागून रडायला लागला. तिचा हात मात्र पुन्हा कीबोर्डकडे गेला, आणखी एक बारकी चूक दिसली होती.

"ए बाय," सुलोचनाबाईंनी हळदकुंकवाचं तबक पुढे केलं. "हा लॅपटॉप तर तू दिवसभर हातातच धरतेस. हे पक्कं हत्यार. मीट आणि दे इकडे."

"मांय, पाचच मिनिटं."

"उद्यापर्यंत नाही म्हणजे नाही."

लॅपटॉप कोयत्याशेजारी पाटावर जाऊन बसला, कपाळी कुंकू लावून. सिद्धी रिकाम्या हातांनी उठली. भर दुपार होती आणि रुद्रेश टक्क जागा होता.