उलट्या हाताची गाठ

बुटांच्या खोक्याला दोन भोकं. भोकांतून आत शिरलेल्या दोन लांब दांड्या, दांड्यांच्या टोकाला चिमटे, आणि आत काय चाललंय ते दाखवायला जुन्या टीव्हीचा पडदा. मावशीच्या टेबलावर भाची महिनाभर त्या खोक्यात एकच गाठ मारत होती. पोटाची सर्जन, पण गाठ बसेना. हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे पळे. वर उचलला की खाली बुडी मारी.

"एवढी डॉक्टरीण झालीस, आणि साधी गाठ येईना?" मावशी म्हणाली. चाळीस वर्षं भरतकाम केलेली बाई ती.

"सगळं उलटं होतं गं. आणि सोमवारी खरं पोट आहे."

ते पोट काच फुंकणाऱ्या एका कारागिराचं होतं. नळीत फुंकर घातली की जठरातलं आंबट त्याच्या घशाशी येई. अन्ननलिका आतून सोलवटली होती. जठराचा वरचा भाग तिच्याभोवती मफलरसारखा गुंडाळून तीन टाके घालायचे, एवढंच काम. पण त्यासाठी वीतभर पोट चिरलं, तर पोटाचा जोर जाण्याची भीती. "मग मी फुंकू कशानं, डॉक्टर?" त्यानं विचारलं होतं, आणि तिनं पाच बारीक भोकांतून काम करायचा शब्द दिला होता. तिच्या इस्पितळात असा आतल्या आत टाका अजून कुणी घातला नव्हता.

मावशीनं आपली चौकट पुढ्यात ओढली. ताणलेल्या कापडावर एक हात, कापडाखाली दुसरा.

"हा खालचा हात कामात असताना मी कधी पाहिलेला नाही. उजवा-डावा करत बसले असते, तर एक पाकळी उमलली नसती. तू हाताला शिकवतेस, बये. हात विसर. टोकाशी बोल."

आणि ती सुईशी बोलू लागली, उभा जन्म बोलत आली होती तशी:

*ये गं सुई, जा गं सुई, वळण घे गं बाई,*
*गाठ बसू दे अंगासरशी, कसली तुला घाई!*

सोमवारी ऑपरेशनच्या खोलीत तिचे वरिष्ठ, मोठे सर, हात धुऊन, हातमोजे घालून सुऱ्यांच्या ट्रेपाशीच उभे राहिले. ट्रे हिरव्या कापडानं झाकलेला.

"अर्धा तास," ते म्हणाले. "तेवढ्यात तीन गाठी बसल्या तर ठीक, नाहीतर मी पोट उघडतो. किल्लीच्या भोकातून घर झाडायला निघालीय!"

पहिली गाठ बसली. दुसरीला दोरा निसटला. पुन्हा निसटला. उजवा? डावा? तिचे हात थिजले. सरांची बोटं हिरव्या कापडाच्या टोकावर आली.

मास्कच्या आत तिचे ओठ हलले. *ये गं सुई, जा गं सुई...*

"काय पुटपुटतेस?"

"सुईशी बोलतेय, सर." आणि तिनं दोन्ही ओळी मोठ्यानं म्हटल्या.

सिस्टरला हसू फुटलं. पण पडद्यावर सुई वळली, दोऱ्यानं वेढा घेतला, आणि गाठ अलगद, अंगासरशी बसली.

एवढ्यात कॅमेरा धरलेल्या सहकाऱ्याचा हात भरून आला. चित्र लटपटू लागलं. सरांनी कापड सोडलं. "दे इकडे." त्यांच्या हातात कॅमेरा जाताच चित्र दगडासारखं स्थिर झालं.

"हं, म्हण पुढे. ती वळणाची ओळ."

तिसऱ्या गाठीला सर स्वतःच म्हणत होते, जरा बेसूरच: "कसली तुला घाई..."

घड्याळात चार मिनिटं उरली होती. सिस्टरनं कापड न उचलताच ट्रे परत पाठवला.

तीन महिन्यांनी, भाचीकडून सुईच्या गाण्याची गोष्ट ऐकून, कारागीर पत्ता विचारत मावशीकडे आला. "पोटावर पाच ठिपके फक्त! बायको विचारते, ऑपरेशन झालं की डास चावले?" त्यानं पिशवीतून काचेचा गोळा काढला. नितळ, पातळ, डोक्याएवढा.

"एका दमात," तो म्हणाला आणि छाती भरून हसला.

मावशीनं गोळ्याच्या बारीक तोंडातून पाणी भरून तो खिडकीत ठेवला. ऊन गोळा होऊन थेट तिच्या सुईच्या टोकावर उतरलं. काचेत खिडकी उलटी, दार उलटं, दारात उभी असलेली भाचीही उलटी.

"बघ गं, डोक्यावर उभी आहेस."

"असू दे," भाची म्हणाली. "आता तिथूनच नीट दिसतं."