विळीची खूण

मुक्ताबाईचा धोंडीराम पाणी पीत नसे. पाण्यात कुणीतरी वीख कालवतं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आईनं आधी घोट घ्यायचा, "चांगलं हाय रं" म्हणायचं, मगच तो तांब्या तोंडाला लावी. साऱ्या जगात त्याचा विश्वास काय तो तिच्या शब्दावर. पण आई दहा तास गिरणीत आणि बाहेर सोलापूरचा वैशाख. दोनदा तो खोलीत बेशुद्ध सापडला. तिसऱ्यांदा जिवंत सापडेल का, या धास्तीनं रिळं भरताना तिच्या हातून धागे तुटत.

मोहोळचा देवऋषी झाला, अंगारे झाले. शेवटी ती कचेरीबाहेर बसणाऱ्या आण्णा अर्जनवीसाकडे गेली.

"पाणी पीत नाही म्हणून सरकार कुणाला वेड्यांच्या इस्पितळात नेत नाही, बाई. कुणाच्या अंगावर धावला का?"

"माजं लेकरू मुंगीबी मारत न्हाई."

"मग बसा घरात घेऊन."

काय पण न्याय! निमूट मरणाऱ्याला विचारायचं नाही आणि मारणाऱ्याला मात्र सरकारी खर्चानं गाडी.

दुसऱ्या दिवशी मुक्ताबाईनं विळीच्या पात्यावर स्वतःचा दंड ओढला. मुलगा विळी घेऊन धावला, असं आण्णानं अर्जात लिहिलं.

मॅजिस्ट्रेटसमोर धोंडीरामला तिच्या दंडावरची पट्टी दिसली. तो कळवळला. "कुणी मारलं गं आये?"

सगळी कचेरी तिच्याकडे बघत होती. "तूच की रं," ती म्हणाली.

तो आपल्या हातांकडे बघत राहिला. "आय म्हणती म्हंजी खरंच," म्हणाला आणि त्यानं बेडीसाठी मनगटं आपणहून पुढं केली.

दीड वर्षानं परगावच्या त्या इस्पितळातून पत्र आलं: मुलगा बरा आहे, घेऊन जा. कडक भाकरी नि शेंगाची चटणी बांधून ती आनंदानं निघाली. धोंडीराम अंगानं भरला होता. कोपऱ्यातल्या माठातलं पाणी तो कुणाला न विचारता घटाघटा प्याला.

"पाण्यात काय नसतंय, आये. खूळ हुतं ते माजं."

तिला रडूच फुटलं. "चल, घरी चल." ती त्याचा हात धरायला गेली, तसा तो भिंतीपर्यंत मागं सरला.

"न्हाई. घरात विळी हाय, आन् माजं हात हायेत."

मग तिनं त्याच्यादेखत डॉक्टरांना सगळं सांगितलं. आण्णा, अर्ज, मीच कापून घेतलं, मी खोटं बोलले. डॉक्टरांनी कागद चाळले.

"लेकरासाठी सगळ्याच आया असं म्हणतात, बाई. कागदावर हल्ला लिहिलाय, तोही कबूल करतो. तो येत नाही म्हणतो, मग मी कसा पाठवू?"

धोंडीराम मायेनं हसला. "माज्यासाटी लई खोटं बोलतीस, आये. जखम भरली का?"

तिनं दंडावर पदर ओढला आणि भाकरीचं गाठोडं पुढं केलं. तो हलला नाही. गाठोडं जमिनीवर ठेवून ती पार दारापाशी जाऊन उभी राहिली, तेव्हा कुठं तो ते घ्यायला पुढं आला.