वांग-येचा कौल

कालवाचं बी शिंपल्यावर धरतं तेव्हा तिळाएवढं असतं. जिवंत असलं तर त्याच्या कडेला काळसर रेघ दिसते आणि नखाने खरवडलं तरी ते सुटत नाही. मेलेलं असलं तर खडूसारखं पांढरं पडतं आणि नुसत्या स्पर्शाने गळतं. युए-शियाने बांबूंना टांगलेल्या माळेतल्या एका शिंपल्यावरून नख फिरवलं. बी भुरभुर गळलं. तिने दुसरा शिंपला पाहिला, तिसरा पाहिला, मग माळ बादलीत टाकून हात पुसले.

हे लागोपाठ तिसरं वर्ष. तिचा नवरा मू-शेंग म्हणायचा, पाणी तापलंय. शेजारी कारखान्यांच्या धुराला बोल लावायचे. मध्यंतरी सरकारी कचेरीतला एक तरुण बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेला, तो पुन्हा फिरकला नाही.

फांगयुआन गावच्या किनाऱ्यावरच्या चिखलाला सातबारा नसतो. ज्याचे बांबू उभे, त्याची जागा. मू-शेंगचे पूर्वज सामुद्रधुनी ओलांडून आले, त्यांनी इथे पहिले बांबू रोवले, आणि तेव्हापासून नवीन वर्षाचे दिवस सरले की हुंग घराण्याने बांबू रोवले नाहीत असं एकदाही झालं नव्हतं. एक मोसम चुकला की चिखल सगळं सारखं करून टाकतो, कुणाचं काय होतं ते कुणालाच सांगता येत नाही. पूर्वी बांबू रोवायचे ते दुसऱ्याने जागा बळकावू नये म्हणून. आता फुकट दिली तरी कुणी घेणार नव्हतं. तरी रोवायचे.

गावातल्या निम्म्या घरांना कुलपं होती. उरलेली खचत होती. एके काळी मू-शेंगनेही परसात ईल माशांची तळी खोदली होती. पंप लावून सगळं गाव जमिनीच्या पोटातलं गोडं पाणी उपसत होतं. मासे जपानला जात, घराघरात नव्या फरश्या येत. मग जमीनच खाली बसू लागली. भरतीचं पाणी आत येतं म्हणून दोनदा जोतं उंच केलं, छप्पर मात्र होतं तिथेच राहिलं. आता मू-शेंगला स्वतःच्या दारातून वाकून आत जावं लागे. शेजारच्या आ-चू वहिनी म्हणायच्या, "बायकोपुढे कधी वाकला नाही, दारापुढे वाकला. घरानेच शेवटी वळण लावलं."

गेल्या शरदात मात्र युए-शियाचा जीव जायचाच बाकी होता. मू-शेंगच्या वडिलांच्या वेळी चिखलात बैलगाडी जायची. भरती फिरली की बैल आपणहून घराकडे तोंड करी. आता इंजिनाची गाडी. तिला काही कळत नाही, म्हणून धुकं उतरलं की माणसं एकमेकांना हाका मारत राहतात. त्या दिवशी युए-शिया बांबूंच्या शेवटच्या रांगेला होती. ओहोळाने जागा बदलली होती ते तिला दिसलं नाही, आणि पाय मांडीपर्यंत रुतला. तिने हाक मारली. मू-शेंग हाकेच्या अंतरावर पाठमोरा बसून माळा बांधत होता. म्हाताऱ्या म्हणून झालं, लेकाच्या नावाने चीयुआनच्या बापा म्हणून झालं, शेवटी पोलीस पुकारतात तसं तिने त्याचं पूर्ण नाव घेतलं. त्याने मान वळवली नाही. पाणी छातीला लागलं तेव्हा पलीकडच्या जागेतून आ-चू वहिनी धावत आल्या. दोघी चिखलाने माखून गाडीपाशी पोचल्या, तेव्हा मू-शेंगने वर पाहून विचारलं, "भिजलीस कशी?"

पुढे कालवं सोलताना आ-चू वहिनींनी हे नकलेसकट सांगितलं, तेव्हा बायका पोट धरून हसल्या. युए-शियाही हसली. पण हातातली सुरी तिने खाली ठेवली.

चिखलात रुतली त्याच संध्याकाळी तिने मू-शेंगच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं होतं की पुन्हा असं झालं तर दोघांतलं एकच घरी येईल. कानातलं यंत्र तो लावत नसे. वाऱ्यात ते शिट्या मारतं म्हणे. तो म्हणाला की समुद्र सोडायचा का ते नवीन वर्षात वांग-ये देवाला विचारतो. देवाचा कौल घेतल्याशिवाय त्यांच्या घराण्यात कुणी समुद्र सोडला नव्हता.

असं विचारणं पहिल्यांदा नव्हतं. ताइचुंग शहरात लेथच्या कारखान्यात असलेल्या मुलाने, चीयुआनने, पाच वर्षांपूर्वी दोघांना बोलावलं होतं, एक खोली त्यांच्यासाठी रिकामी ठेवली होती. मू-शेंग देवळात जाऊन आला आणि म्हणाला, देव हसला. कौलासाठी एका बाजूने सपाट, दुसरीने फुगीर असे दोन लाकडी ठोकळे जमिनीवर टाकतात; दोन्ही सपाट बाजू वर करून पडले की देव हसला असं धरतात. हो नाही आणि नाहीही नाही. हसला म्हणजे थांबा म्हणाला, असा मू-शेंगचा अर्थ. पुढच्या वर्षीही देव हसला, त्याच्या पुढच्या वर्षीही. मग चीयुआनला दुसरी मुलगी झाली आणि त्या खोलीत नातींचा पलंग आला. मुलगा अजूनही फोनवर या म्हणायचा, पण खोलीचं नाव घेत नसे.

एरवी युए-शिया नैवेद्याचं ताट ठेवून दाराशी थांबायची. या वर्षी भरतीचं पाणी देवळाच्या अंगणात येऊन गेलं होतं, पायऱ्या निसरड्या होत्या, म्हणून ती त्याच्या कोपराला धरून आत गेली. तो गुडघ्यांवर बसला, ठोकळे ओंजळीत घेतले. देवाशी पुटपुटत बोलायचं असतं. पण बहिऱ्याला स्वतःचा आवाज कळत नाही.

"मी हुंग मू-शेंग, फांगयुआनचा," तो म्हणाला. "यंदा बी धरेल का?"

ठोकळे पडले. दोन्ही सपाट. त्याने ते उचलले.

"देवा, बी धरेल ना?"

पुन्हा तेच. आता तो पुढचं विचारेल म्हणून युए-शिया वाट पाहत राहिली. त्याने जमिनीला कपाळ टेकलं, ठोकळे उचलले, तिच्या हाताचा आधार घेऊन उठला आणि दरवर्षीसारखं सांगितलं की देव हसला, थांबा म्हणतोय.

देवळाचा म्हातारा पुजारी उदबत्त्यांचं टेबल फारच मन लावून पुसत होता. त्यानेही ऐकलं होतं. कदाचित दरवर्षी ऐकत असेल. युए-शियाला राग यायला हवा होता, पण तो आला नाही. ताइचुंगची ती खोली आता गेली होती. घर आणखी दोन-चार वादळं तग धरेल. शिंपला उघडण्यापलीकडे तिला काही येत नव्हतं. समुद्र सोडल्यावर पुढे काही बरं वाट पाहत होतं असं नव्हे. एवढंच, की धुक्यात कुणाला हाका माराव्या लागणार नाहीत.

ती त्याच्या कानाशी वाकली. "बी धरेल का विचारलंस. समुद्र सोडू का, हे कधीच विचारलं नाहीस."

मू-शेंगने हातातले ठोकळे एकमेकांवर नीट बसवले.

"ते कसं विचारू," तो म्हणाला. त्याला वाटलं, आपण हळू बोललो. सगळ्या देवळाला ऐकू गेलं. "हो म्हणाला असता तर?"

युए-शियाने त्याच्या हातातून ठोकळे घेतले. तिने ते टाकले नाहीत, टेबलावर शेजारी शेजारी ठेवून दिले. जन्मभर ती देवापुढे ओठांतल्या ओठांत बोलली होती. आता नवऱ्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ती म्हणाली, "वांग-ये, तुला विचारत नाही, सांगते. आम्ही समुद्र सोडला. यंदा बांबू रोवणार नाही."