फळ्या उचलून बघा

मी एक होडी बोलतेय. मासेमारीची, पंचेचाळीस वर्षांची. गोड बोलणं ऐकायचं असेल तर पलीकडे बांधलेल्या त्या पांढऱ्याशुभ्र नौकेकडे जा. तिच्यात लोक फिरायला बसतात. तिचं पोट कोरडं आहे, तिला गोड बोलणं परवडतं.

मला एका सुताराने एका मच्छीमारासाठी बांधलं. बांधताना दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं. पायाखालच्या नऊ फळ्यांना खिळा मारायचा नाही. खाली माझ्या फासळ्या, म्हणजे तळाला धरून ठेवणारी वाकडी लाकडं, आणि त्यांच्यावर फळ्या नुसत्या बसवलेल्या. कुठली फळी कुठे बसते ते कळावं म्हणून सुताराने पटाशीने खुणा केल्या. पहिल्या फळीला एक खाच, दुसरीला दोन, अशा नवव्या फळीपर्यंत.

आठवड्यातून एक दिवस मच्छीमार समुद्रावर जायचा नाही. त्या दिवशी तो आणि त्याचे दोन मुलगे फळ्या उचलून धक्क्याच्या भिंतीला उभ्या करायचे, तळातलं घाण पाणी उपसायचे, फासळ्या फडक्याने पुसायचे. दुपारपर्यंत माझ्या पोटात ऊन पडायचं. धाकटा खाचा मोजत फळ्या परत लावायचा. थोरला जांभया द्यायचा.

"ज्या दिवशी खिळे माराल त्या दिवशी होडी विकून टाका," बाप म्हणायचा. थोरल्याने बापाचं आयुष्यात एवढंच ऐकलं, पण तेही अर्धंमुर्धं आणि सहा वर्षं उशिरा.

बाप गेला आणि थोरला माझा मालक झाला. त्याला फळ्यांचा खडखडाट सोसेना. मासळीचे क्रेट सरकायचे, आणि फळ्या उचलण्यात अर्धा दिवस जायचा. एका दुपारी तो हातोडी घेऊन आला. एकेका फळीला सहा, असे चोपन्न खिळे. माझ्या अंगात गेलेत, मी मोजणारच.

"दादा, बाबा काय म्हणायचे?" धाकट्याने विचारलं.

"बाबांना वेळ होता. मला नाहीये."

मग सहा वर्षं माझ्या पोटात कुणी डोकावलं नाही. वितळलेला बर्फ, खवले, रक्त, सगळं फटींतून खाली जायचं आणि तिथेच सडायचं. वास आला की मालक फटींत फिनेल ओतायचा. पोट सडलेल्याला पेपरमिंट चघळायला देण्यातला प्रकार! माणसांना नाकाचं समाधान झालं की पुरतं, हे मी तेव्हा शिकले.

एक दिवस पाचवी फळी मोडली आणि मालकाचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मला बांधणाऱ्या सुतारालाच बोलावलं. तो आता ऐंशीचा झाला होता. भोकातून त्याने चाकू आत घातला, दोनतीन ठिकाणी टोचून बघितला आणि पात्याचा वास घेतला.

"नव्या फळ्यांना किती पडतील?" मालकाने विचारलं.

"फळ्या स्वस्त आहेत रे. महिन्याभराच्या मासळीत निघतील. पण बसवू कशावर? फासळ्या लोणी झाल्यात. त्या बदलायच्या तर हंगामाची कमाई गेली म्हणून समज."

"म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!"

"कोंबडी चार आण्याची कुणी केली?" म्हातारा म्हणाला आणि हत्यारांची पिशवी उचलून चालू लागला.

धाकटा म्हणाला, "दादा, करून घेऊ. हंगामभर मला पगार नको."

"तुझं काय जातंय बोलायला? होडी माझ्या नावावर आहे."

त्यावरून दोघांची जी जुंपली, तिच्यात लहानपणापासूनचं सगळं उकरून निघालं. दुसऱ्या दिवशी धाकटा कपड्यांची बॅग भरून दुसऱ्या बंदरात ट्रॉलरवर कामाला गेला.

मग मालकाने माझ्यावर मेहेरबानी केली. स्वस्तातलं प्लायवूड आणलं, सडक्या फळ्यांवरच ठोकलं आणि वर करडा रंग फासला. आठवड्याभरात गिऱ्हाईक आलं. जाड मिशांचा, परक्या गावचा माणूस. त्याने टाच आपटून बघितली.

"नवी कोरी जमीन आहे," मालक म्हणाला.

यात एक शब्दही खोटा नव्हता. मला सगळ्यात जास्त संताप त्याचाच येतो.

व्यवहार झाला. चार दिवसांनी मिशीवाल्याने मला पहिल्यांदा बाहेर काढायचं ठरवलं. सकाळची वेळ होती. माझा जुना मालक, थोरला, धक्क्यावरच्या टपरीवर चहा पीत उभा होता. एवढ्यात खांद्यावर बॅग टाकून धाकटा आला आणि थेट माझ्यात उतरला.

"याला मुद्दाम कामावर घेतलाय," मिशीवाला कुणालातरी सांगत होता. "ही होडी लहानपणापासून ओळखतो म्हणे."

धाकट्याने पायाखाली बघितलं. रंगावरून हात फिरवला. त्याचा चेहरा उजळला.

"दादाने काम केलं शेवटी!" तो म्हणाला. "बोलतो तिखट, पण ऐकतो माझं." आणि त्याने धक्क्याकडे बघून हात हलवला. भांडणानंतर पहिल्यांदाच.

मालकाच्या हातातला ग्लास तसाच राहिला. इंजिन सुरू झालं. त्याच्या हादऱ्याने माझ्या तळाची एक फट उघडली आणि गार पाणी आत येऊ लागलं. वर कुणाला पत्ता नव्हता. बोल की, मी मनात ओरडत होते. तोंडालाही खिळे मारलेस का? मागचा दोर सुटला. पुढचा सुटत होता.

"उतर! धाकट्या, उतर खाली!" मालक ग्लास टाकून धावत सुटला. "फळ्यांखाली सगळं कुजलंय! मी झाकलंय ते! मी!"

सगळ्या धक्क्याने ऐकलं. मिशीवाल्याने त्याची कॉलर धरली. धाकट्याने पहार मागून घेतली, प्लायवूड उचकटलं आणि एकेक खिळा उपटत गेला. पाचवी फळी निघाली तेव्हा त्याने फासळीला हात लावला. ती त्याच्या मुठीत चिखलासारखी आली.

मिशीवाल्याचे पैसे परत गेले, वर भरपाई गेली, आणि धक्क्यावर मालकाच्या शब्दाला कुणी विचारेनासं झालं. मी आता काठावर पालथी पडलेय. आता बाजूच्या फळ्याही गेल्यात, असं सुतार सांगून गेला. येत्या आठवड्यात मला फोडणार आहेत. एक खाच असलेली पहिली फळी तेवढी धड निघाली. ती धाकट्याने नेली. तो आता ज्या होडीवर जातो तिच्यात ती बसवलीय, खिळा न मारता.

तुम्हाला माझं सांगणं एवढंच आहे. ज्याच्यावर रोज पाय देऊन उभे राहता, ते कधीतरी उचलून खाली बघा. निघते मी.

मालक रोज दुपारी येतो, माझ्या सावलीत बसतो आणि "चुकलं माझं" म्हणतो. लोकांना तो बिचारा वाटतो. मला नाही वाटत. वेळेवर ओरडलास, मान्य आहे. पण त्या सकाळी माझ्यात तुझा भाऊ नसता, परकाच कुणी असता, तर चहा संपवून घरी गेला असतास ना?