लालीला दरडावणारी बायको

यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, पैज लावतो. माझ्या बायकोने एकदा टाक्यांभोवती चढलेली लाली नुसती दरडावून परत पाठवली होती.

ही गोष्ट मी इस्पितळात लेकीच्या खाटेशी बसून सुरू केली, तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर टाळायला. मणक्याच्या ऑपरेशननंतर तिच्या पाठीवर टाक्यांच्या कडेने लाली धरली होती. सिस्टरने काल त्या लालीभोवती निळ्या पेनाने रेघ मारली. लाली आत राहिली तर औषध लागू पडतंय. बाहेर गेली तर जखम पुन्हा उघडून धुवायची. आज सिस्टरने पट्टी उचलली, पाहिलं, आणि डॉक्टरांना बोलवायला झपाझप निघून गेली. पाहिलं मीही होतं. लाली रेघ ओलांडून बोटभर खाली उतरली होती. कुशीवर पडलेल्या लेकीला स्वतःची पाठ कशी दिसणार?

"बाबा, काय दिसलं?"

"अगं, ते राहू दे. तुझ्या आईची गंमत ऐक. ती म्हणजे स्वच्छतेची फौजदार. मांजरसुद्धा पाय पुसल्याशिवाय उंबऱ्याच्या आत यायची हिंमत करत नसे. तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं, लाली आली, अश्शीच रेघ मारली. डॉक्टर यायच्या वेळेला बघतो तर काय, बाईसाहेब साबण आणि ओलं फडकं घेऊन रेघ घासतायत! म्हटलं, अगं, हे काय? तर म्हणे, 'अहो, मोठे डॉक्टर येणार आणि अंगावर शाईचे फराटे? म्हणतील, हिच्या घरी पाण्याचा दुष्काळ आहे.'"

शेजारच्या खाटेवर हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या मावशी होत्या. त्या पोटाशी उशी घट्ट धरून हसल्या. "काका, बेतानं! माझे टाके उसवले तर तुम्हीच घालून द्या."

"घालीन की! फाटलेल्या आभाळाला ठिगळ लावलेला माणूस आहे मी. तुमचं पोट ते केवढंसं!"

"केवढंसं म्हणे! चष्मा बदला, काका."

लेक हसली नाही. "मग?"

"मग काय, पाळी बदलली. नव्या सिस्टरला रेघच सापडेना. तिने लाली जिथवर दिसली तिथवर नवी मारली. तुझ्या आईने तीही घासून काढली. पुन्हा नवी सिस्टर, पुन्हा नवी रेघ. जो येई तो खूश, लाली आपली रेघेच्या आत!"

इथे घोटभर पाणी प्यालो आणि घोडं पुढे दामटलं.

"एका सकाळी तिने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि अशी कडाडली, 'काय गं भवाने, कुठे निघालीस? तंगडं मोडून हातात देईन! आल्या वाटेने मागे फीर!' आणि काय सांगू, लाली शेपूट घालून जी मागे सरली, ती टाक्यांत शिरून गडप! डॉक्टरांच्या हातातली कात्री गळून पडली. म्हणाले, 'बाई, आमच्या वॉर्डात नोकरी करता का?' तर ही म्हणते, 'वेळ कुणाला आहे? घरी भांड्यांचा ढीग पडलाय, यांना एक कप धड विसळता येत नाही.' आणि निघाली ताडताड पुढे, पिशवी घेऊन मी मागे. घराच्या दारातूनच ओरडली, अहो, हा केर..."

"बाबा."

मावशींचं हसू उशीतच विरलं.

"आई घरी आली नव्हती," लेक भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "ती रेघ पुसत राहिली आणि लाली पसरत राहिली. कुणाला कळलंच नाही, ताप डोक्यात जाईपर्यंत. मी होते ना तिथे, तिचा हात धरून. तुम्ही एवढी मोठी थाप मारताय, म्हणजे माझी लाली रेघेबाहेर गेलीय. खरं सांगा, बाबा. गेलीय ना?"