फुटाण्याच्या तोंडातली डावी स्लीपर

मी डाव्या पायाची स्लीपर बोलतेय. निळ्या पट्ट्यांची, नऊ नंबरची. माझी उजवी जोडीदारीणही इथंच आहे, हातभर अंतरावर. पण ती पहिल्यापासून अबोल, म्हणून दोघींचं मीच सांगते.

आमचा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. टेंभुर्णीच्या बाजारात दोरीवर टांगलेल्या होतो, तिथून कचरूभाऊंनी आम्हाला काढलं. वाकवून पाहिलं, नाकाशी नेऊन वास घेतला, पायात घालून चार पावलं चालले आणि म्हणाले, "बराबर हाये."

दोन वर्षं आम्ही त्यांच्या मिरचीच्या रानात राबलो. माणसाचा स्वभाव पायतणाला लवकर कळतो. घाईची माणसं टाच घासत चालतात. कचरूभाऊंचं पाऊल सावकाश आणि सरळ पडायचं, त्यामुळे आम्ही दोघी अगदी सारख्या झिजलो. माझी पट्टी एकदा निसटली, तर त्यांनी तिला पिन लावली. टाकून दिलं नाही.

उन्हाळा सरता सरता शेजारच्या रानातल्या भुजंगने कुत्र्याचं एक पिल्लू आणून दिलं. रंग भाजक्या फुटाण्याचा आणि उडणंही तसंच, म्हणून नाव पडलं फुटाण्या.

उषाबाईंनी, म्हणजे कचरूभाऊंच्या मालकिणीने, त्याला हात लावला नाही. त्याला कारण होतं. मागच्या वर्षी त्यांचा आधीचा कुत्रा, शेरू, घरामागच्या शेततळ्यात पडला होता. पाणी मुरू नये म्हणून तळ्याच्या उतारावर काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. तो ओला झाला की त्यावर माणसाचाही पाय ठरत नाही. शेरूला पोहता येत होतं, बाहेर निघता आलं नाही. सकाळी पहिल्यांदा तो उषाबाईंनाच दिसला.

"मला पुन्हा तसलं पाहायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "दसऱ्यापर्यंत तळं भरंल. तोवर याला एकट्याला बाहेर निघता आलं, तर राहू द्या. न्हाई तर मंठ्याला शालूकडं धाडा. लेकीच्या दारात तळं न्हाई."

"दसऱ्याच्या आत शिकवतो."

"बैलाला डावं-उजवं शिकवायला तीन वर्षं लागले तुम्हाला!"

"तो बैल तुझ्या माहेरून आल्ता," कचरूभाऊ शांतपणे म्हणाले.

पहिला धडा भुजंगने दिला, कोणी न विचारता. "आपून कसे शिकलो? पाठीला डबा बांधला अन् दिलं विहिरीत ढकलून," असं म्हणत त्याने फुटाण्याला उचलून नाल्यावरच्या बंधाऱ्यात फेकलं. पिल्लू केकाटत, हातपाय मारत काठाला लागलं. त्यानंतर आठ दिवस नुसती बादली दिसली तरी ते खाटेखाली जाई.

"शिकला का न्हाई?" भुजंगने विचारलं.

"शिकला की. तुला पाहून पळायला शिकला."

त्या दिवसांत फुटाण्या रोज सकाळी मला पळवायचा. फक्त मलाच, उजवीला कधीच नाही. का, ते मला आजवर कळलेलं नाही. उषाबाई चिडायच्या, कचरूभाऊ एका पायात स्लीपर घालून त्याच्यामागे जायचे. एके दिवशी मात्र ते गेले नाहीत. खाटेवर बसून चहा पीत राहिले आणि फुटाण्याच्या तोंडातल्या माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग उठून, त्याच्या तोंडाला टोचू नये म्हणून, त्यांनी माझी पिन काढली. पट्टी सुतळीने बांधली. त्या दिवसापासून मी पायातून सुटले आणि शाळेत लागले.

पहिले तीन दिवस शाळा कोरड्यात. ते मला फेकायचे, फुटाण्या आणून द्यायचा, भाकरीचा तुकडा मिळवायचा. चौथ्या दिवशी बंधाऱ्याच्या काठच्या चिखलात. सहाव्या दिवशी घोटाभर पाण्यात. कचरूभाऊ स्वतः आधी कमरेएवढ्या पाण्यात जाऊन बसायचे आणि फुटाण्याची वाट पाहायचे. त्याला ओढायचं नाही, ढकलायचं नाही.

"कचरूभाऊ, म्हैस झाले का?" भुजंग बांधावरून ओरडला.

"तू बी ये. रेडकाला जागा हाये."

अकराव्या दिवशी माझ्यामागे येता येता फुटाण्याच्या पायाखालची जमीन संपली. पुढचे पाय पाण्यावर थापट्या मारू लागले, शेपटीकडचा भाग बुडू लागला. कचरूभाऊंनी पोटाखाली हात धरला. त्याचं मागचं अंग वर आलं, थापट्या थांबल्या आणि तो पुढे सरकला. चौदाव्या दिवशी त्यांनी हात काढून घेतला, हे फुटाण्याला कळलंही नाही. मला दातात धरून, नाकातून फुरफुर करत तो परत आला. त्या दातांचे सात ठसे माझ्या अंगावर आहेत. मी मोजलेत.

भादव्यात आम्ही शेततळ्यावर आलो. कचरूभाऊंनी जुन्या टायरचे तुकडे दोराला बांधून शिडी केली आणि काठावरच्या खांबाला अडकवून एका बाजूच्या उतारावर सोडली. फुटाण्याच्या छातीला लांब दोर बांधला. मला पाण्यात फेकायचं, आपण शिडीच्या माथ्यावर उभं राहायचं आणि हाक मारायची, "ये फुटाण्या, ये!" तो यायचा, टायरवर पाय द्यायचा, वर चढायचा. चाळीस वेळा झालं. एकदाही चुकला नाही. मग दोरही सुटला.

घट बसले त्या दिवशी कचरूभाऊ उषाबाईंना हौसेने तळ्यावर घेऊन आले. त्या समोरच्या काठावर उभ्या राहिल्या. मला फेकलं, फुटाण्याने मला धरलं.

"जरा मी बोलावून पाहते," म्हणत उषाबाईंनी टाळी वाजवली.

फुटाण्या वळला आणि सरळ त्यांच्याकडे निघाला. तिथं शिडी नव्हती. कागदावर त्याची नखं खरखरली आणि तो घसरला. पुन्हा चढला, पुन्हा घसरला. तिसऱ्या वेळी मी त्याच्या तोंडातून सुटले. उषाबाईंनी डोळ्यांवर पदर घेतला. कचरूभाऊ कमरेला दोर बांधून पाण्यात उतरले आणि त्याला छातीशी धरून शिडीने वर आले.

उषाबाईंनी डोळ्यांवरचा पदर काढला आणि नेमकं बोलल्या. "अवो, तो शिडीकडं येतच न्हाई. तो तुमच्याकडं येतो. ज्या दिवशी तुम्ही नसाल, त्या दिवशी कुठं जाईल तो?"

कचरूभाऊंनी इतके दिवस मेहनत घेऊन शिकवली होती ती शिडी नव्हती, त्यांची स्वतःची हाक होती. आणि दसऱ्याला उरले होते नऊ दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अनवाणी तळ्यावर आले. उजवी त्यांच्या हातात होती. ती त्यांनी शिडीच्या सगळ्यात वरच्या टायरला तारेने पक्की बांधली. किती दिवसांनी आम्ही दोघी एकमेकींना पाहिलं! आता ते मला चारी बाजूंनी फेकू लागले. कधी उभे, कधी बसलेले, कधी झाडाआड. हाक बंद. फुटाण्या चुकीच्या काठाला आला की तोंड फिरवायचे. दोर पुन्हा छातीला होता, थकला की तेवढा आधार द्यायचे. भाकरी मिळायची ती फक्त उजवीजवळ. पहिल्या दिवशी तो पाच वेळा चुकला, तिसऱ्या दिवशी दोन वेळा. आठव्या दिवशी मला घेऊन तो थेट उजवीपाशी आला आणि तिच्या शेजारी मला ठेवून बसला. तरी कचरूभाऊंच्या कपाळावरची आठी गेली नाही. ते तिथं होते ना!

दसऱ्याच्या सकाळी कचरूभाऊ आणि भुजंग आपट्याची पानं आणायला गेले. उषाबाई अंगणात विळे-खुरपी धूत होत्या. मी शिडीच्या खांबाला खिळ्यावर लटकलेली. तेवढ्यात तळ्याच्या कुंपणाखालून फुटाण्या आत घुसला. पुढे टिटवी, मागे हा. टिटवी उडाली, फुटाण्या सरळ पाण्यात.

तो जवळच्याच काठाला गेला. घसरला. पुन्हा घसरला. मला ओरडता येत नाही, हाक मारता येत नाही. टांगलेली वस्तू काय करणार? तो थांबला. पाण्यात नाक वर धरून एक गिरकी घेतली. मग काठ सोडून तिरका पोहत आला, आमच्याकडे. पहिल्या टायरवर पाय, दुसऱ्यावर पाय, वर. उजवीला हुंगलं. भाकरी नव्हती. मग अंग झटकून आम्हा दोघींना आंघोळ घातली, उडी मारून मला खिळ्यावरून काढलं आणि घराकडे धूम ठोकली.

उषाबाईंनी ओला फुटाण्या पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि मला हातात घेऊन धावत तळ्यावर आल्या, फुटाण्या मागोमाग. वर टिटवी अजून ओरडत घिरट्या घालत होती, एका काठावर नखांचे ओरखडे होते. शिडीच्या माथ्यावर कोरड्या कागदावर ओली पावलं होती, चारच पायांची. माणसाचं एकही नाही. त्या तिथंच बसल्या.

"शेरूला कोनी शिडी दावली न्हाई रे," त्या हळूच म्हणाल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याने लगेच पुन्हा अंग झटकलं.

"मेल्या, नवं लुगडं!"

कचरूभाऊ परतले तेव्हा म्हणाले, "आज सांजच्याला परीक्षा घेऊ याची."

"झाली परीक्षा."

"कोनी घेतली?"

"टिटवीनं."

दुपारी अवजारांची पूजा झाली. भुजंग म्हणाला, "वहिनी, या स्लीपरला बी लावा की कुंकू."

"पायतनाला कुंकू लावत न्हाईत, भाऊजी," असं म्हणून त्यांनी झेंडूचं एक फूल उचललं आणि माझ्या सुतळीच्या गाठीत खोवलं. पहिली पुरणपोळी फुटाण्याने खाल्ली.

आता मी पायात जाणार नाही. दिवसभर खांबावर, शाळेच्या वेळी पाण्यात. तुमच्या शिवारात शेततळं असेल, तर एवढं ऐका. त्यात शिडी सोडा आणि तुमच्या मुक्या जनावराला ती दाखवा. ढकलू नका, शिकवा. आणि शिकवून झालं की एकदा बाजूला होऊन पाहा.

कुंपणाखाली माती उकरल्याचा आवाज येतोय. फुटाण्याच असणार. गाठीतलं ते फूल केव्हाच वाळून गळून गेलं. मी मात्र अजून तरंगते.